वाफेचं खापर हेल्मेटवर कशाला?

चष्मेवाल्याला हेल्मेट जमत नाही, हा पाचोडच्या चौफुलीवरचा सर्वमान्य सिद्धांत आहे. तो कुणा अडाण्याने काढलेला नाही. पैठण, अंबड, थेट छत्रपती संभाजीनगरहून अपडाऊन करणारे गुरुजी तो मांडतात, बँकेतले कारकून मांडतात, मोसंबीच्या बागा सांभाळणारे शेतकरी मांडतात. युक्तिवाद असा: हेल्मेट घातलं की श्वास आतच कोंडतो, चष्म्यावर वाफ धरते, समोरचं दिसेनासं होतं, आणि न दिसणं हे डोकं उघडं असण्यापेक्षा जास्त धोक्याचं. तेव्हा एक तर हेल्मेट ठेवा नाही तर चष्मा. बहुतेकांनी हेल्मेट सोडलंय. ते आरशाला लटकतं आणि पुढे पोलीस दिसले की तेवढ्यापुरतं डोक्यावर चढतं. काहींनी उलट केलंय. हेल्मेट डोक्यावर, चष्मा खिशात.

या युक्तिवादाला कुणी नीट उत्तर देत नाही, म्हणून तो टिकून आहे. पावती फाडणारा म्हणतो, "कारणं सांगू नका." रस्ता सुरक्षा अभियानात भाषण करणारा हेल्मेटचे फायदे वाचून दाखवतो आणि निघून जातो. समोरच्या माणसाची तक्रार खरी आहे, एवढं मान्य करण्याचंही सौजन्य कुणी दाखवत नाही. म्हणून आधी ते मान्य करतो. चष्म्यावर वाफ धरते, हे खरं. ती जीवघेणी ठरू शकते, हेही खरं. ताशी ६० किलोमीटरच्या वेगाने गाडी सेकंदाला सुमारे १७ मीटर पुढे जाते. बोटाने काच पुसायला तीन सेकंद लागले, तर ५० मीटर रस्ता आंधळेपणाने, एका हातावर कापला जातो. सोलापूर-धुळे महामार्गावर थंडीत उसाच्या ट्रॉल्या असतात. त्यांतल्या कितीकांना मागे ना लाल दिवा असतो ना रिफ्लेक्टर. अशी एखादी ट्रॉली त्या ५० मीटरांत असू शकते.

म्हणजे तक्रार खरी आहे. तिच्यावरून काढलेला निष्कर्ष मात्र साफ चुकीचा आहे. वाफेला हेल्मेट जबाबदार नाही, आणि ती घालवायला हेल्मेट उतरवण्याची गरज नाही. ती घालवायचं साधन प्रत्येकाच्या न्हाणीघरात पडलेलं आहे.

आधी ही वाफ येते कुठून, ते पाहू. आपण बाहेर सोडतो तो श्वास साधारण ३४ अंशांचा असतो आणि बाष्पाने जवळपास ठासून भरलेला असतो. ३४ अंशांची हवा घनमीटरमागे सुमारे ३७ ग्रॅम पाणी धरून ठेवू शकते. डिसेंबर-जानेवारीत पहाटे आपल्याकडे पारा १२ अंशांवर येतो, तेव्हा तेवढीच हवा जेमतेम ११ ग्रॅम पाणी पेलते. उरलेलं पाणी कुठेतरी उतरणारच. नाकापासून दोन बोटांवर एक गार, गुळगुळीत काच आहे, तिच्यावर ते उतरतं. गार पाण्याच्या तांब्याला बाहेरून घाम फुटतो, तोच हा प्रकार. पावसाळ्यात थोडा फरक पडतो. जुलै-ऑगस्टच्या सकाळी हवा फार गार नसते, पण ती आधीच बाष्पाने भरलेली असते. त्यामुळे श्वासातलं पाणी सामावून घ्यायला तिच्यात जागाच उरत नाही.

आता मे महिना घ्या. हवा ४० अंशांवर, काच तितकीच तापलेली, म्हणजे श्वासापेक्षाही गरम. गरम काचेवर पाणी उतरत नाही. हेल्मेट तेच, चष्मा तोच, नाकही तेच, पण वाफ नाही. वाफेचा गुन्हेगार हेल्मेट असतं, तर त्याने उन्हाळ्यातही गुन्हा करायला हवा होता. ते तसा करत नाही. कारण वाफेला तीन गोष्टी एकत्र याव्या लागतात: ओला श्वास, गार काच आणि श्वासाला काचेपर्यंत नेणारी वाट. हेल्मेटचा संबंध फक्त तिसऱ्या गोष्टीशी, आणि तोही अर्धामुर्धा.

ती वाट खरोखर कोण तयार करतं, ते चौफुलीवरच्या गाडीवाल्यांच्या तोंडाकडे बघितलं तर कळेल. प्रत्येकाच्या तोंडाला रुमाल बांधलेला असतो. कुणाचा उपरण्याचा वेढा, कुणाचा पांढरा रुमाल, स्कूटीवरच्या मुलींचा डोळ्यांखालपर्यंत आलेला स्कार्फ. हिवाळ्यात त्यावर माकडटोपी. धुळीसाठी, थंडीसाठी, उन्हासाठी नाक-तोंड झाकायची आपली जुनी सवय आहे आणि तिच्यामागे कारणंही आहेत. पण त्या कापडाने श्वासाचं काय होतं? नाकपुड्यांची तोंडं खाली आहेत, श्वास आपसूक हनुवटीकडे जातो. त्याच्या वाटेत कापड आलं की तो वर वळतो. गालावर आणि हनुवटीवर रुमाल घट्ट बसलेला असतो, मोकळी जागा उरते ती नाकाच्या दांडीच्या दोन बाजूंना. तिथून सुटलेला श्वास थेट चष्म्याच्या काचेवर जातो. कुणी मुद्दाम नळी बसवून श्वास काचेवर सोडला असता, तरी याहून नेमका सोडता आला नसता.

ज्यांना हे पटत नाही, त्यांनी २०२० साल आठवावं. त्या वर्षी सगळ्यांनी मास्क लावला आणि पायी चालणाऱ्या चष्मेवाल्यांच्याही काचा पांढऱ्या पडल्या. किराणा दुकानात, एसटीत, दवाखान्याच्या रांगेत डोक्यावर हेल्मेट कुणाच्याच नव्हतं. होतं ते नाकावरचं कापड. मास्क नाकाच्या दांडीवर दाबून बसवला की वाफ कमी व्हायची, हाही अनुभव त्याच दिवसांतला आहे. इतका मोठा सार्वजनिक प्रयोग होऊन गेला. त्यातून चौफुलीने काही शिकलेलं दिसत नाही.

यावर ठरलेलं उत्तर येतं: "मग रुमाल काढला तर धूळ खायची का?" नाही. धूळ अडवण्यासाठीच पूर्ण तोंडाच्या हेल्मेटला काच असते. ती खाली केली की रुमालाचं काम संपलं. म्हणजे ज्या हेल्मेटला वाफेचा दोष देतो, ते नीट वापरलं तर वाफेचं मूळ कारणच काढून टाकतं. थंडी सोसवत नसेल तर रुमाल गळ्याला बांधावा, माकडटोपी हनुवटीपर्यंत ओढावी. फक्त नाक मोकळं राहू द्यावं. चांगल्या हेल्मेटमध्ये हनुवटीच्या पट्टीच्या आतल्या बाजूला नाकावर बसणारा रबरी पडदा असतो. श्वास खाली ढकलायला तो दिलेला आहे. आपल्याकडे कितीतरी जण हेल्मेट घेतल्या दिवशी तो उपटून फेकतात, कारण तो नाकाला लागतो. हनुवटीवरची आणि कपाळावरची हवेची झडप हेल्मेट विकत घेतलं तेव्हा बंद होती, ती तशीच बंद राहते. झडपा बंद, पडदा उपटलेला, आत रुमाल; आणि म्हणायचं, हेल्मेटमध्ये श्वास कोंडतो.

हेल्मेटमध्ये चष्म्यावर किंवा काचेवर वाफ धरणं ही जगातली नवी अडचण नाही, आणि ती फक्त आपल्याच नशिबी आलेली नाही. ५ जून १९६६ रोजी जेमिनी ९-ए या यानातून युजीन सर्नन हा अमेरिकी अंतराळवीर बाहेर पडला. दोन तासांहून जास्त वेळ तो अंतराळात होता. काम अपेक्षेपेक्षा कष्टाचं निघालं, शरीर तापलं, घाम आणि श्वासाचं बाष्प पोशाखातल्या थंड करणाऱ्या यंत्रणेला आवरेना आणि शिरस्त्राणाची काच आतून पांढरी झाली. हात आत घालणं शक्य नव्हतं. तेव्हा त्याने नाकाच्या शेंड्याने काच घासून तेवढं भोक पाडलं आणि त्यातून बघत यानात परत आला. पुढच्या उड्डाणांसाठी नासाने अंतराळात बाहेर पडण्याच्या आधी काचेला आतून धुकंरोधक द्रव लावायची पद्धत सुरू केली. सर्ननला शिरस्त्राण काढून आरशाला लटकवता येत नव्हतं, म्हणून उपाय निघाला. आपल्याला ते काढता येतं, म्हणून आपण उपायच शोधत नाही.

शल्यचिकित्सकांची अडचण तर आपल्यासारखीच. चष्मा आहे, तोंडावर मास्क आहे, आणि टाके घालताना काच पुसायला हात मोकळा नाही. २०११ साली इंग्लंडच्या रॉयल कॉलेज ऑफ सर्जन्सच्या नियतकालिकात दोन डॉक्टरांनी एक छोटं टिपण लिहिलं. उपाय एकच: मास्क लावण्याआधी चष्मा साबणाच्या पाण्याने धुवा, झटकून वाळू द्या. त्यात महागडं काहीच नाही. पण एकाही शल्यचिकित्सकाने "वाफ धरते म्हणून मास्क लावत नाही" असं म्हटल्याचं ऐकिवात नाही. मास्क काढला तर रुग्णाला धोका होतो, हे त्यांना पक्कं ठाऊक असतं. हेल्मेट काढलं तर धोका स्वतःला होतो, आणि स्वतःला असलेला धोका आपण फार हलक्याने घेतो.

साबण काम कसं करतो, तेही समजून घेण्यासारखं आहे. काचेवर उतरलेलं पाणी हे बारीक बारीक थेंबांच्या रूपात बसतं. प्रत्येक थेंब प्रकाश वेगवेगळ्या दिशेला फेकतो, म्हणून काच पांढरी दिसते आणि समोरून येणाऱ्या ट्रकच्या दिव्याचा मोठा गोळा होतो. पाण्याला थेंब करून बसायची ओढ असते ती त्याच्या पृष्ठताणामुळे. साबण तो ताण निम्म्याहून खाली आणतो. मग थेंब होत नाहीत. पाणी सपाट पसरतं, आणि सपाट पातळ थरातून आरपार दिसतं. पाणी काचेवर उतरणं थांबत नाही, फक्त ते दिसेनासं होतं, आणि आपल्याला तेवढंच हवं असतं.

करायचं कसं, ते नीट सांगतो, कारण निम्मे लोक "साबण लावून बघितला, काही उपयोग नाही" म्हणतात ते उतावीळपणामुळे. चष्मा आधी वाहत्या नळाखाली धरायचा, म्हणजे धूळ निघून जाते. धूळ असताना चोळलं तर काचेवर ओरखडे पडतात, आणि आपल्या भागातली धूळ म्हणजे काळ्या मातीची भुकटी आणि कापसाचे तंतू. मग ओल्या बोटाला अंगाचा साबण किंवा लहान मुलांचा शांपू एक थेंब घेऊन दोन्ही बाजूंनी काचेवर हलका चोळायचा. आता महत्त्वाचं: तो खळखळून धुवायचा नाही. थोडं पाणी झटकायचं, काच जागेवर वाळू द्यायची आणि मऊ सुती कापडाने इतकंच पुसायचं, की नजरेला धूसर न दिसता साबणाचा न दिसणारा पातळ थर मागे राहील. संपूर्ण धुतला तर थर जातो, पुसलाच नाही तर काच मळकट दिसते. हे दोन्हींच्या मधलं जमायला दोन-चार सकाळी जातात. थर काही तास टिकतो, पावसात भिजला की जातो. म्हणजे निघताना दात घासतो, तसं रोज हेही करायचं. शर्टाच्या टोकाने पुसायचं नाही, कारण त्या टोकावर धूळ असते आणि साबणाचा थरही तिथेच पुसून जातो.

साबणाच्या जोडीला दोन फुकटच्या गोष्टी. रात्री चष्मा गाडीच्या डिकीत किंवा ओसरीच्या कोनाड्यात ठेवू नये. सकाळपर्यंत तो बाहेरच्या हवेइतका गार होतो, आणि गार काचेवर पहिल्याच श्वासाला वाफ धरते. घरात, अंथरुणाजवळ ठेवावा आणि निघण्याआधी थोडा वेळ घालून बसावं. दुसरं, चष्मा चेहऱ्याला चिकटून बसू देऊ नये. जाड प्लॅस्टिकची फ्रेम गालाला टेकते आणि आतली हवा कोंडून ठेवते. धातूच्या फ्रेमला नाकावरच्या दोन छोट्या गाद्या असतात. दुकानदाराकडून त्या थोड्या वाकवून घेतल्या की काच चेहऱ्यापासून किंचित दूर जाते आणि मधून वारा खेळतो. काड्या सरळ असल्या तर हेल्मेट घातल्यावर त्या पुढून सरकवता येतात. वळलेल्या काड्या कानामागे अडकतात, म्हणून लोक चष्मा आधी घालतात आणि हेल्मेट वरून दाबतात. मग काडी कानशिलात रुतते आणि "हेल्मेटने डोकं दुखतं" हा दुसरा सिद्धांत जन्माला येतो.

आता गावठी उपायांचा समाचार. चौफुलीवर चष्मा टूथपेस्टने घासायचा सल्ला मिळतो, बटाट्याची फोड चोळायचाही मिळतो. टूथपेस्टमध्ये दातांवरचं कीटण घासायला बारीक कण असतात. आजचे बहुतेक चष्मे काचेचे नसून प्लॅस्टिकचे असतात आणि त्यांच्यावर चमक कमी करणारा पातळ थर दिलेला असतो. टूथपेस्टने तो थर ओरबाडून निघतो. वाफ जायची ती दोन दिवस जाते आणि चष्मा कायमचा खराब होतो. बटाट्याने काचेवर पिष्टाचा थर बसतो, तो थोडा वेळ काम करतो आणि मग त्यावर धूळ चिकटते. हेल्मेटची काच पेट्रोलने किंवा थिनरने पुसणारेही आहेत. ती काच पॉलिकार्बोनेटची असते, असल्या द्रवांनी तिच्यावर बारीक तडे पडतात आणि ती ठिसूळ होते. महागड्या स्प्रेंबद्दल एवढंच सांगतो: अमेरिकेतल्या ड्यूक विद्यापीठाच्या शास्त्रज्ञांनी बाजारातले वाफरोधक स्प्रे आणि कापडं तपासली, तेव्हा त्यांत शरीरात आणि निसर्गात वर्षानुवर्षं न विघटणारी फ्लोरीनयुक्त रसायनं सापडली. हे संशोधन २०२२ साली छापून आलं. साबणाने काम होत असताना ती नाकासमोर चोळायची गरज नाही. काही चष्म्यांच्या काचांवर वाफरोधक थर आधीच दिलेला असतो. तसा असेल तर दुकानदाराला विचारूनच काय लावायचं ते ठरवावं.

"मग काच उघडी ठेवून चालवतो, वारा लागला की वाफ जाते," असं म्हणणारेही आहेत. यात थोडं तथ्य आहे. काच एका खाचेइतकी, बोटभर उघडी ठेवली तर चालत्या गाडीत वाफ निवळते, हा योग्य वापर आहे. पण पूर्ण वर करून चालवणं म्हणजे संध्याकाळी डोळ्यात किडा आणि दुपारी कण घेणं. त्यापुढे जाऊन काहींनी अर्धं हेल्मेट घेतलं आहे, हनुवटी उघडी ठेवणारं. जर्मनीत हॅनोवरच्या वैद्यकीय महाविद्यालयातल्या अभ्यासकांनी मोटारसायकल अपघातांत हेल्मेटला मार कुठे बसतो, ते तपासलं, तेव्हा सुमारे एक तृतीयांश मार हनुवटीच्या भागावर दिसले. जबडा उघडा ठेवून वाफ घालवायची, हा सौदा साबणाच्या वडीपेक्षा फार महाग पडतो.

दुसऱ्या गटाला, म्हणजे चष्मा खिशात घालणाऱ्यांना, मी जास्त दोषी मानतो. हेल्मेट न घालणारा स्वतःला धोक्यात घालतो, चष्मा काढणारा रस्त्यावरच्या सगळ्यांना. ज्याचा नंबर वजा अडीच आहे, त्याला उघड्या डोळ्यांनी स्पष्ट दिसायची हद्द ४० सेंटिमीटरवर संपते. त्याला स्वतःच्या हँडलवरचा काटाही नीट दिसत नाही, मग रस्ता ओलांडणारी म्हातारी कुठून दिसणार? लायसन्स काढताना नमुना १ मध्ये आपण सही करून दिलेली असते, की २५ मीटरवरच्या मोटारीच्या नंबरप्लेटवरचे आकडे, चष्मा असेल तर चष्म्यासह, वाचता येतात. चष्मा खिशात गेला की ती सही खोटी झाली.

उरतो शेवटचा आणि सर्वांत लाडका युक्तिवाद: "जवळच तर जायचंय." पाचोडहून थेरगावला, दावरवाडीला, मळ्यावर मोटार चालू करायला. शेतीची लाईट रात्रपाळीची असली की पहाटे तीनला बांधावर जावं लागतं, तेव्हा हेल्मेट कोण घालतो? पण वाफ सर्वांत जास्त धरते ती याच वेळी, आणि अंधारात, दिवा नसलेल्या ट्रॉल्यांमधून जावं लागतं तेही याच वेळी. २०२२ मध्ये देशात रस्त्यावर १,६८,४९१ माणसं मेली, असं केंद्राच्या रस्ते वाहतूक मंत्रालयाचा अहवाल सांगतो. त्यांत दुचाकीवरचे सुमारे ७५ हजार होते, आणि हेल्मेट न घातलेले ५०,०२९. या आकड्यांत जवळ चाललेले वेगळे मोजलेले नाहीत आणि मोजायची गरजही नाही. अपघातात डोकं वाचवायला अंतर उपयोगी पडत नाही. जगभरच्या अभ्यासांचा एकत्रित आढावा २००८ मध्ये कॉक्रेन या संस्थेने घेतला, त्यात हेल्मेटमुळे मोटारसायकलस्वाराच्या मृत्यूचा धोका ४२ टक्क्यांनी आणि डोक्याला इजा होण्याचा ६९ टक्क्यांनी कमी होतो, असं निघालं. वाफेवर उपाय आहे. फुटलेल्या कवटीवर तो फार थोड्यांच्या नशिबी असतो.

हे सगळं चष्मेवाल्याला ऐकवून थांबलो तर अन्याय होईल. मोटार वाहन कायद्याच्या कलम १२९ नुसार हेल्मेट सक्तीचं आहे. २०१९ च्या दुरुस्तीनंतर कलम १९४-डी खाली हजार रुपये दंड आणि तीन महिने लायसन्स निलंबन अशी तरतूद आहे. फेटा बांधलेल्या शिखांना सूट आहे, चष्म्याला नाही. आणि चष्म्याला ती नसणं मला योग्य वाटतं. पण सक्ती करणाऱ्याने सक्तीची वस्तू वापरता येईल अशी शिकवायलाही हवी. २०१६ मध्ये दिवाकर रावते परिवहनमंत्री असताना "हेल्मेट नाही तर पेट्रोल नाही" अशी घोषणा झाली. जानेवारी २०१९ मध्ये पुण्यात सक्ती सुरू झाली तेव्हा विरोधात लोक रस्त्यावर उतरले. या दोन्ही गदारोळांत बाजू दोनच होत्या, सक्ती हवी आणि सक्ती नको. हेल्मेट घातल्यावर दिसायचं कसं, हा प्रश्न दोन्हीकडे मागे पडला. जिथे तो मागे पडतो, तिथे हेल्मेट आरशालाच लटकतं.

शिकवायला फार खर्च नाही. चष्म्याचा दुकानदार नंबर तपासतो, फ्रेम विकतो, डबी देतो. गिऱ्हाईक मोटारसायकल चालवतं का, एवढं त्याने विचारलं आणि सरळ काड्यांची, नाकावर गाद्या असलेली फ्रेम दाखवली, तर अर्धं काम तिथेच होईल. हेल्मेट विकणारा भारतीय मानक ४१५१ चा शिक्का दाखवतो. २०२१ पासून त्या शिक्क्याशिवाय हेल्मेट विकणं बेकायदा आहे, त्यामुळे तो दाखवणारच. त्याने झडप कुठली उघडायची आणि नाकावरचा पडदा का काढायचा नाही, एवढं दोन मिनिटांत सांगावं. वाहतूक पोलिसाने पावती फाडावी, ते त्याचं कामच आहे. पण हातात पावतीसोबत साबणाची युक्ती लिहिलेली चिठ्ठीही द्यावी. लायसन्सच्या चाचणीत आठचा आकडा काढून दाखवायला लावतात, तिथे उमेदवार चष्मा आणि हेल्मेट दोन्ही घालून नीट चालवतो का, हेही बघावं.

साबणालाही मर्यादा आहे, हे लपवायचं कारण नाही. मुसळधार पावसात रात्री बाहेरून पाणी, आतून बाष्प अशी दुहेरी मारामारी असते. तेव्हा रबरी पडदा, उघड्या झडपा, साबण हे सगळं करूनही दिसेनासं होऊ शकतं. त्या वेळी उपाय एकच, गाडी रस्त्याच्या बाजूला, ढाब्यावर किंवा पेट्रोल पंपाच्या छताखाली घ्यावी आणि पाऊस ओसरेपर्यंत थांबावं. हेल्मेट काढल्याने बाहेरचा पाऊस थांबत नाही आणि रस्ताही दिसायला लागत नाही, फक्त डोकं उघडं पडतं.

चौफुलीच्या सिद्धांतकारांना माझं एक आव्हान आहे. उद्या सकाळी निघण्याआधी चष्म्याच्या एका काचेला वर सांगितल्याप्रमाणे साबण लावा, दुसरी तशीच ठेवा. हेल्मेट घाला, झडपा उघडा, नाकावर रुमाल नको. घराच्या अंगणात, गाडी सुरू न करता, पाच मिनिटं उभं राहा आणि नेहमीसारखा श्वास घ्या. दोन्ही काचा सारख्याच पांढऱ्या पडल्या, तर तुमचा सिद्धांत खरा आणि माझा लेख खोटा. मग चौफुलीवर खुशाल सांगत सुटा. एक काच पांढरी पडली आणि दुसरी साफ राहिली, तर मात्र दुसऱ्या काचेलाही साबण लावा, हेल्मेटचा पट्टा आवळा आणि कामाला लागा.